शनिवारची कलेची तासिका जाते कुठे?

जिल्हा परिषदेच्या कुठल्याही शाळेत जा, भिंतीवर वेळापत्रक चिकटवलेलं असतं. शनिवारी सकाळच्या सत्रात कुठेतरी 'कला' हा शब्द सापडतोच, आठवड्यात आणखी एखाद-दोन रकान्यांतही सापडतो. म्हणजे कागदावर बघितलं तर महाराष्ट्रातलं प्रत्येक मूल, अगदी अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरातलं किंवा भामरागडच्या जंगलातलंसुद्धा, दर आठवड्याला कला शिकतं. प्रगतिपुस्तकात तिची श्रेणीही येते. बहुतेकांची अ-२. अ-१ द्यायला हात धजावत नाही, आणि ब-१ दिली तर कशावरून दिली हे सांगावं लागतं.

आता त्याच शाळेत शनिवारी जाऊन बसा. शाळा दोनशिक्षकी. एक गुरुजी तालुक्याला गेलेत, कारण कसलीशी माहिती 'आजच्या आज' हवी आहे. दुसऱ्यांपुढे चार इयत्ता, एकाच खोलीत. कलेच्या तासाला पहिली-दुसरी पाढे म्हणते आणि तिसरी-चौथीला सांगितलं जातं, "काढा रे एखादं चित्र." पोरं काढतात. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली झोपडी, नदी आणि नारळाचं झाड. खिडकीबाहेर खराखुरा डोंगर असतो आणि पंचक्रोशीत नारळ नसतो, पण चित्र तेच. घंटा होते, वह्या दप्तरात जातात. चित्र कुणी बघत नाही.

मी काही वर्षं चित्रकला शिकवली आणि नंतर प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणांसाठी बराच फिरलो. त्या फिरतीत एक गोष्ट लक्षात आली. ही तासिका कुणी चोरलेली नाही, कुणी मुद्दाम बुडवतही नाही. ती कुणाच्या नावावरच नाही. सातबाऱ्यावर पीक लावलेलं आहे, पण कसणाऱ्याचा रकाना कोरा, अशी तिची गत आहे. दुर्गम शाळांतलं कलाशिक्षण सुधारायचं म्हटलं की रंगपेट्यांचं वाटप, स्पर्धा, महोत्सव या गोष्टी पटकन सुचतात. त्याआधी हा रकाना कोरा का राहिला ते समजून घेतलेलं बरं.

शंभराचा उंबरठा

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. या कायद्याला एक अनुसूची जोडलेली आहे. शाळेत किती शिक्षक हवेत, किती खोल्या हव्यात, वर्षाला किती तास शिकवायचं, हे सगळं तिच्यात आहे. कलेचा शिक्षकही तिच्यात आहे, पण एका अटीवर. सहावी ते आठवीच्या वर्गांत मिळून शंभरपेक्षा जास्त मुलं असतील, तर त्या शाळेला तीन अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिक्षक, मिळायला हवेत: एक कलेसाठी, एक आरोग्य आणि शारीरिक शिक्षणासाठी, एक कार्यशिक्षणासाठी. पहिली ते पाचवीसाठी मात्र फक्त डोकी मोजायची. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, नव्वदपर्यंत तीन, असं पुढे. त्यांनी काय काय शिकवायचं? सगळंच.

ही अट शहरातल्या किंवा तालुक्याच्या शाळेला फारशी जाणवत नाही. पाड्यावरच्या शाळेला ती कधीच पार करता येत नाही. एक तर अशा बऱ्याच शाळा चौथीपर्यंत किंवा पाचवीपर्यंतच असतात, म्हणजे सहावी ते आठवीचा प्रश्नच येत नाही. जिथे सातवी-आठवी आहे तिथेही तीन वर्गांत शंभर मुलं असणं दुर्मीळ. २०२३ मध्ये राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळाच सुमारे १५ हजार होत्या. म्हणजे जिथे सिनेमागृह नाही, वाचनालय नाही, चित्रांचं प्रदर्शन भरत नाही, जिथे शाळा हीच बाहेरच्या कलेची एकमेव खिडकी आहे, नेमक्या तिथल्या शाळांना कायद्यानेच कलाशिक्षक लागू होत नाही. कुणी वाईट हेतूने केलं असं नव्हे. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मोठी शाळा होती, एवढंच.

अट पार करणाऱ्या शाळांचं तरी भलं झालं का? आपल्याकडे निदेशक नेमले गेले, पण मानधनावर, आणि ते मानधनही असं की तालुक्यात खोली भाड्याने घेऊन राहायचं म्हटलं तर पुरू नये. नेमणुका कधी थांबल्या, कधी लांबल्या, प्रकरणं न्यायालयात गेली. एटीडी, म्हणजे कलाशिक्षक पदविका, केलेली कितीतरी मुलं आज फलक रंगवतात, गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करतात किंवा फ्लेक्सच्या दुकानात संगणकावर बसतात.

राहिला तो वर्गशिक्षक. त्याने डी.एड. किंवा आताच्या डी.एल.एड.ला कला हा विषय केलेला असतो. त्यातलं लक्षात राहिलेलं असतं ते शैक्षणिक साहित्य कसं बनवायचं, म्हणजे पुठ्ठ्याचं घड्याळ आणि थर्माकोलची सूर्यमाला. 'मला चित्र येत नाही, मी काय शिकवणार' हे वाक्य मी प्रशिक्षणांत इतक्या वेळा ऐकलंय की पहिल्या दिवशी चहाच्या आधी ते येतंच. गंमत म्हणजे तेच शिक्षक मराठी शिकवतात आणि त्यासाठी स्वतः कवी असायची गरज कुणालाच वाटत नाही.

"बादली एवढी मोठी का?"

तर मग चित्र न येणाऱ्या शिक्षकाने चित्राचा तास घ्यायचा कसा? पालघर जिल्ह्यातल्या एका पाड्यावर मी तो पाहिला. जुलै महिना होता, बाहेर पाऊस. बाईंनी 'पावसाचं चित्र काढा' असं सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, "पहिला मोठा पाऊस आला त्या रात्री तुमच्या घरातून कोण कोण बाहेर गेलं होतं?" दोन मिनिटं कुणी बोलेना. मग एक जण म्हणाला, बाबा. मग सगळेच सुटले. वलगणीचे, म्हणजे पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध चढणारे मासे, खेकडे, बॅटरी, कुणाचा पाय घसरला, कुणाची चप्पल वाहून गेली. पंधरा मिनिटं नुसत्या गप्पा. मग बाईंनी कार्यालयातले पाठकोरे कागद वाटले, चुलीतला कोळसा आणि पाण्यात कालवलेला गेरू मधे ठेवला.

तिसरीतल्या एका मुलीने ओहोळ काढला, वरून बघितल्यासारखा, कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाड पट्टा. त्यात उलट्या दिशेने चढणारे मासे. काठावर बाप, डोक्यावर युरियाच्या गोणीची खोळ, हातात बॅटरी. आणि बाजूला ती स्वतः, हातात बादली. बादली बापापेक्षाही मोठी.

बाई "छान" म्हणाल्या नाहीत. "छान" म्हटलं की बोलणं संपतं. त्यांनी विचारलं, "बादली एवढी मोठी का गं?"

"जड होती ना."

वर्गात फारसं तोंड न उघडणारी ही मुलगी मग पाच-सात वाक्यं बोलली, अर्धी मराठीत, अर्धी घरच्या वारली बोलीत. बाईंनी खडूने फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिले, माशांची नावं, जाळ्याचं नाव. मुलांनी चित्राखाली दोन-दोन ओळी लिहिल्या. तास झाला चित्रकलेचा, पण भाषेचा पाठही आपसूक पुढे सरकला.

इथे थोडं थांबून बादलीकडे बघू, कारण कलाशिक्षणातली एक मोठी गोष्ट तिच्यात आहे. सात-आठ वर्षांचं मूल डोळ्यांना दिसतं ते काढत नाही, त्याला ठाऊक असतं आणि महत्त्वाचं वाटतं ते काढतं. म्हणून जड बादली मोठी होते, घराच्या भिंतीतून आतली चूल दिसते, टेबलाचे चारही पाय बाहेर फाकतात. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षणाच्या अभ्यासकाने विसाव्या शतकाच्या मध्यावर मुलांच्या चित्रांच्या या पायऱ्या नीट मांडल्या: आधी रेघोट्या, मग हळूहळू आकार, मग ठरावीक खुणा, आणि नऊ-दहाव्या वर्षाच्या सुमाराला 'खरं दिसायला हवं' ही ओढ. ही शेवटची पायरी निसरडी असते. मुलाचा डोळा हातापेक्षा पुढे जातो. आपलं चित्र खऱ्यासारखं दिसत नाही हे त्याचं त्यालाच कळायला लागतं आणि मग "मला नाही येत" म्हणून ते थांबतं. बहुतेक माणसांची चित्रकला या वयात थांबते. तुमची-माझी आठवा.

आता ही पायरी शाळेच्या हिशेबात कुठे येते ते बघा. चौथी-पाचवी. म्हणजे पाड्यावरची शाळा संपते आणि मूल दुसऱ्या गावच्या शाळेत किंवा आश्रमशाळेत जातं, तो काळ. जरा जाणत्या माणसाने हाताशी बसून 'लांबची वस्तू लहान दिसते, बघ, अंगठा धरून माप' असं सांगायची गरज ज्या वर्षी असते, त्याच वर्षी मूल सगळ्यात परकं झालेलं असतं. पहिली-दुसरीला वर्गशिक्षक पुरतो. या टप्प्यावर मात्र ज्याला रेघेचं काही कळतं असा माणूस लागतो, हे मान्य करावं लागेल. 'कोणीही घेऊ शकतो कलेचा तास' हे अर्धंच खरं आहे.

परीक्षेतला पावसाळा

ग्रामीण भागात चित्रकला म्हणजे काय, असं पालकांना विचारलं तर उत्तर येतं: एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. कला संचालनालयाच्या या शासकीय रेखाकला परीक्षा जुन्या आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. खेड्यातल्या मुलाला चित्रकलेचं म्हणून काही प्रमाणपत्र मिळण्याची ही जवळजवळ एकमेव वाट. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, अ श्रेणीला ७, ब ला ५, क ला ३. या सात गुणांमुळे कितीतरी शाळांत चित्रकलेचा तास टिकून आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण याच गुणांनी तासाचं रूपही बदललं. स्मरणचित्राचा पेपर घ्या. नावाप्रमाणे आठवणीतलं चित्र. विषय दिलेला असतो, त्यातली माणसं, जागा, हालचाल आपल्या आठवणीतून उभी करायची. प्रत्यक्षात तयारी कशी होते? बाजारात मार्गदर्शिका मिळते. तिच्यात उभा माणूस, वाकलेली बाई, छत्री घेतलेला मुलगा, सायकलवाला अशा आकृत्या असतात. त्या पंधरा-वीस आकृत्या पाठ करायच्या. विषय बाजार असो, बसस्टॉप असो वा पावसाळा, त्याच आकृत्या इकडेतिकडे मांडायच्या. छत्रीवाला मुलगा पावसाळ्यात चालतो, उन्हाळ्यातही चालतो.

मी एकदा आठवीतल्या मुलाला विचारलं, तुझ्या गावात छत्री कोण वापरतं? म्हणाला, "ग्रामसेवक." त्याचं सगळं घर गोणीच्या खोळीखाली लावणीला जातं. पण चित्रात खोळ नव्हती, पाच छत्र्या होत्या. का नाही काढली, तर "खोळ पुस्तकात नाही, सर." तिसरीतल्या मुलीच्या कागदावर जी खोळ होती ती पाच वर्षांत पुसली गेली, आणि ती पुसण्याला आपण चित्रकला शिकवणं म्हणत होतो. यात माझाही हात आहे. मीही त्या मार्गदर्शिका वाटलेल्या आहेत.

परीक्षा बंद करा असं माझं म्हणणं नाही. स्मरणचित्राच्या विषयांत वलगण, होळीची रात्र, खळं, मोहाची वेचणी, पाणवठा हे येऊ देत. आणि तपासताना ठोकळेबाज आकृतीपेक्षा पाहिलेल्या गोष्टीला जास्त गुण मिळू देत. एवढ्यानेही शिकवणं बदलेल, कारण आपल्याकडे शिकवणं परीक्षेमागून चालतं. केंद्राचा प्रश्न वेगळाच. परीक्षाकेंद्र तालुक्याच्या मोठ्या शाळेत असतं. पाड्यावरच्या मुलाला पॅड, रंग, पाण्याचा डबा घेऊन पहाटेची एसटी धरावी लागते. ती चुकली तर पेपर गेला.

दारातली कला आणि वर्गातली कला

'दुर्गम भागात कला पोहोचवायची' हा शब्दप्रयोग मला खटकतो. पोहोचवायची कुठून? वारली चित्रं जगाने पाहिली ती डहाणूच्या पाड्यांवरून. तिथल्या लग्नघरात गेरूने सारवलेल्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, मधे पालघट देवी असते. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णींसारख्या कलावंतांमुळे ही चित्रं कागदावर उतरली. कळंबीपाड्याच्या जिव्या सोमा मशे यांनी ती स्वतःच्या ताकदीवर कुठल्या कुठे नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्याचे, म्हणजे सोंगं नाचवण्याच्या उत्सवाचे, मुखवटे आहेत. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आहे, एकेक चित्र पुढे धरत गात-वाजवत गोष्ट सांगायची, आणि कळसूत्री बाहुल्याही. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. पूर्व विदर्भात वडशाच्या आसपास झाडीपट्टीची नाटकं हंगामात रात्र रात्र चालतात. दुसऱ्या दिवशी वर्गात पेंगणारी मुलं आणि त्यांच्यावर वैतागलेले गुरुजी हे तिकडचं नेहमीचं दृश्य.

म्हणजे कला दारात उभी आहे, तिला आत घ्यायचा दरवाजा नाही. दहावीला लोककलेचेही वाढीव गुण आहेत, पण त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेचा दाखला लागतो. बापाच्या मांडीला टेकून तारपा हे वाद्य ऐकत मोठ्या झालेल्या मुलाकडे दाखला कुठला असणार?

दरवाजा उघडायची भाषा धोरणात आता आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्थानिक कला-कारागिरीच्या जाणकारांना शाळेत शिकवायला नेमावं असं लिहिलंय, निवासी कलावंत ही कल्पनाही आहे. एनसीईआरटीने २०२४ मध्ये तिसरी आणि सहावीसाठी कलेची स्वतंत्र पाठ्यपुस्तकं काढली. आपल्या बालभारतीचं खालच्या वर्गांसाठी 'खेळू, करू, शिकू' आहेच, ते बरं पुस्तक आहे, फक्त बऱ्याच शाळांत त्याची पानं कोरी करकरीत असतात.

पण स्थानिक कलावंत वर्गात आणताना दोन खड्डे आहेत. पहिला, शाल-श्रीफळाचा. वर्षातून एकदा बोलवायचं, सत्कार करायचा, फोटो वर पाठवायचे. नारळावर कुणाचं घर चालत नाही. त्या माणसाचा दिवस बुडतो. त्याला दिवसाची मजुरी नव्हे, कलावंताचं मानधन मिळायला हवं, आणि तेही ठरलेल्या तारखेला. दुसरा खड्डा जास्त फसवा आहे. वारली पाड्यावरच्या मुलाला वारलीच शिकवायची, त्रिकोणाची माणसं काढून घ्यायची, कारण पाहुण्यांना तेच बघायला आवडतं. हे त्या मुलाला त्याच्याच भिंतीत चिणून टाकणं झालं. त्याला जलरंग हवेत, कॅमेरा हवा, हार्मोनियमही हवं. मशेंनी तरी फक्त लग्नचौक काढला का? त्यांनी माशांचं जाळं काढलं, वारूळ काढलं, डोळ्यांपुढे जे होतं ते काढलं.

हे सगळं आपल्याकडे कुणी केलंच नाही असंही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर शिंपले, बिया, पानं, माती यांतून बालशिक्षण उभं केलं. शाळा मुलांपर्यंत जाते हे त्यांनी अंगणवाडी आणि कुरणशाळेतून, म्हणजे गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच भरणाऱ्या शाळेतून, दाखवलं. सेवाग्रामला गांधीजींच्या नई तालीमच्या शाळेत शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ पासून कलाशिक्षक होते. खेड्यातल्या शाळेला स्वतःचा चित्रकार शिक्षक! आजच्या निकषांत ती शाळा बसली नसती. अलीकडे पालघर जिल्ह्यात क्वेस्ट या संस्थेच्या 'गोष्टरंग' उपक्रमात तरुण रंगकर्मी आश्रमशाळांत आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत जाऊन मुलांच्या पुस्तकांतल्या गोष्टी सादर करतात. मुलं नाटक बघतात आणि मग ते पुस्तक हातात घेतात. नाटक वाचनाच्या दारापर्यंत नेऊन सोडतं.

बारा शाळा, एक दुचाकी

आता हिशेब. आपल्याकडे दहा-पंधरा शाळांचं एक केंद्र असतं. समजा एका केंद्रात बारा शाळा आहेत आणि प्रत्येकीत पंचवीस मुलं. एकेका शाळेकडे बघितलं तर कलाशिक्षकाला कुणीच पात्र नाही. एकत्र मोजली तर तीनशे मुलं होतात. मग शिक्षक शाळेला न देता केंद्राला का देऊ नये? आठवड्याचे सहा दिवस, दिवसाला दोन शाळा. बारा शाळांना आठवड्यातून एकदा अर्धा दिवस. शनिवारी शाळा सकाळचीच, तेव्हा त्या दिवशीची दुसरी शाळा आलटूनपालटून सरकवावी लागेल, पण हे काही अवघड गणित नाही. पटाची अट केंद्राच्या पातळीवर मोजायची, एवढा एकच बदल.

असा फिरता शिक्षक आला की वर्गशिक्षकाची सुट्टी, असं मात्र होऊ देऊ नये. दोघांनी तास मिळून घ्यायचा. बाहेरच्याने रेघ, सूर, ताल बघायचा. वर्गशिक्षकाने मुलाची भाषा, घर, स्वभाव सांगायचा आणि उरलेले पाच दिवस ते धरून ठेवायचं. परिपाठ रोज होतोच. त्यात तीच प्रार्थना, तेच समूहगीत, रडक्या सुरात. आठवड्याला एक नवं गाणं नीट बसवलं, मुलांच्या आजीच्या तोंडचं एखादं घेतलं, तरी वर्षाकाठी तीस-चाळीस गाणी होतात. त्यासाठी वेगळी तासिका मागावी लागत नाही. मार्च २०२४ मध्ये शासनाने पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' आणला. तोही वापरता येतो, फक्त त्याचा अहवाल लिहिण्यात शनिवार जायला नको.

पैशाचंही सांगून टाकतो. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला वर्षाला संयुक्त अनुदान मिळतं, तीसपर्यंत पट असेल तर १० हजार रुपये, एकतीस ते शंभर असेल तर २५ हजार. यात वीजबिल, स्वच्छता, खडू, किरकोळ दुरुस्ती सगळं. ड्रॉइंगचा कागद या यादीत शेवटी येतो आणि शेवटपर्यंत पैसे उरत नाहीत. म्हणून कोळसा, गेरू, चुना, सागाची कोवळी पानं चोळून निघणारा लालसर रंग, हे सगळं उत्तम आहे, मुलांना ते आवडतंही. पण 'निसर्गात सगळं फुकट मिळतं' असं म्हणत शासनाने कागदाचे पैसे वाचवू नयेत. शहरातल्या शाळेला कुणी पानं चोळायला सांगत नाही.

दूरदर्शन संच, यूट्यूब यांबद्दल थोडक्यात: बघायला उत्तम, करायला निरुपयोगी. अजिंठ्याची भिंत मोठ्या पडद्यावर दाखवा, जरूर दाखवा. 'मोर कसा काढावा' दाखवलंत तर पंचवीस सारखे मोर मिळतील.

आणि ती अ-२ श्रेणी. शिक्षकांना वर्णनात्मक नोंदी लिहाव्या लागतात आणि त्यांची तयार पुस्तकं मिळतात: 'चित्रात आकर्षक रंग भरतो', 'कलेची आवड आहे'. यातलं एक वाक्य उचलून लिहिलं की झालं. त्याऐवजी जुनी फाईल घ्यावी आणि दर महिन्याला मुलाचा एक कागद, मागे तारीख टाकून, तिच्यात ठेवावा. दहा कागद, बस्स. त्या पाड्यावरच्या बाई असंच करत. मार्चमध्ये त्यांनी मला बादलीवाल्या मुलीचे कागद ओळीने मांडून दाखवले. डिसेंबरपासून तिच्या माणसांच्या हातांना कोपरं आली होती. त्याआधी सगळ्यांचे हात काठीसारखे सरळ. ही नोंद कुठल्याही तयार पुस्तकात नाही, आणि ती करायला बाईंना चित्र काढता यावं लागलं नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश पालक असतात, आणि शाळेचा विकास आराखडा करणं हे त्या समितीचं काम आहे. बैठकीत पोषण आहार, गणवेश, गळकं छप्पर यांवर बोलणं होतं, व्हायलाच हवं. त्यानंतर एखाद्या आईने एवढंच म्हणावं, "बाई, श्रेणी राहू द्या, माझ्या पोराची या वर्षातली चित्रं दाखवा." पहिल्या बैठकीत बहुधा दाखवायला काही नसेल. पुढच्या बैठकीपर्यंत दोन-तीन कागद निघतील.